सर्कलवरील चालकाची नजर आणि आपली मुले

बालकांच्या रस्ते-अपघातांचा विचार आपण डॉक्टर मंडळी बहुधा जखमेपासून सुरू करतो. येथे मला जखमेच्या आधीच्या दोन सेकंदांविषयी लिहावयाचे आहे.

गोडादरा परिसरातील आपल्या कुटुंबांमधील अनेक मुले शाळेला व शिकवणीला पायी जातात. महाराणा प्रताप चौकासारख्या ठिकाणी त्यांना रिक्षा, दुचाकी आणि मार्केटकडे निघालेले कापडाचे टेम्पो यांच्यामधून वाट काढावी लागते. अशा सर्कलचा मूळ नियम सुटसुटीत आहे : आत फिरणाऱ्या वाहनास प्रथम जाऊ द्यावे. ब्रिटनमध्ये तो १९६६ साली लागू झाला. आपल्या २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतही तो आहे. त्यामुळे वेग घटतो, समोरासमोरची टक्कर टळते. मात्र याच नियमामुळे आत शिरणाऱ्या चालकाची मान उजवीकडे वळते, कारण आपल्याकडे धोका उजवीकडून येतो. डाव्या कडेने रस्त्यावर उतरणारे मूल त्याच क्षणी त्याच्या लक्षाबाहेर जाते.

फिनलंडमधील संशोधकांनी १९९६ साली नेमके हेच दाखविले. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या मोटारी पाहत राहिले आणि उजवीकडून येणारे सायकलस्वार त्यांच्या नजरेतून सुटले. त्यांची दृष्टी अधू नव्हती. अपेक्षा एकाच दिशेची होती. दृष्टिपटलाचा सूक्ष्म दर्शन घडविणारा मध्यभाग जेमतेम दोन अंशांचा असतो. उरलेले चित्र मेंदू अंदाजाने पूर्ण करतो. त्यात मोटारीच्या पुढच्या काचेलगतचा खांब आडवा येतो, आणि कानाला मोबाईल असेल तर विचारावयासच नको. (रुग्णालयातून आलेला तातडीचा फोन याला अपवाद नाही, हे आपणच आपल्याला बजावलेले बरे.) ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन दीड सेकंदात साडेबारा मीटर पुढे जाते, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

आता मुलाची बाजू पाहू. सहा वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ११५ सेंटिमीटर. उभ्या रिक्षामागे ते पूर्ण झाकले जाते. वाहनाचा वेग व अंतर यांचा मेळ घालणे या वयात जमत नाही. स्वीडनच्या स्टिना सॅन्डेल्स यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले की लहान मुलांना केवळ शिकवून रहदारीस तयार करता येत नाही. म्हणून ‘नीट बघून जा’ ही आईची सूचना मला नेहमीच अपुरी वाटते.

२०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. उपाय मुख्यतः रचनेचे आहेत. पादचारी पट्टे सर्कलच्या तोंडाशी न आखता एका मोटारीच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे सहा मीटर, मागे असावेत. तेथे चालक अजून समोर पाहत असतो. मध्ये थांबण्यापुरता उंचवटा असला तर मुलाला एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. महानगरपालिकेच्या लिंबायत झोनकडे आपण मागणी करू तेव्हा कारंजी व शोभेची झाडे यांआधी ही मागणी असावी. कडेची उंच झुडपे तर मुलांना झाकतातच.

तोवर पालकांना एवढे सांगता येईल : सर्कलच्या तोंडाशी रस्ता ओलांडू नये, थोडे मागे जावे, नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाचे मनगट धरावे, कारण बोटे निसटतात, आणि वाहन संथ झाले तरी चालकाचा चेहरा पाहावा. तो उजवीकडे वळलेला असेल, तर त्याने आपल्याला पाहिलेले नाही.