हेसरघट्ट्याचं गणित, औंढ्याचा लॅपटॉप

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपलेली पहिली गुरुत्वलहर जेमतेम 0.2 सेकंद टिकली. तिच्या नोंदी आज कुणालाही इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. 2023च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. समजा, औंढ्याच्याच एखाद्या मुलीने त्या नोंदी आपल्या लॅपटॉपवर घेतल्या. पुढे काय?

पुढे नुसता गोंगाट. त्यातून लहर वेगळी काढायची तर ती कशी दिसेल, हे आधीच ठाऊक असावं लागतं. अपेक्षित लहरींचे नमुने गणिताने तयार करून एकेक नोंदींवर ताडून पाहायचे, ही ती पद्धत. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हाच्या लहरींसाठी असे नमुने किती आणि कसे निवडायचे, यावर बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या आयुकाचे संजीव धुरंधर यांचा 1991चा निबंध पायाभूत मानतात. खुद्द नमुन्यांच्या सूत्रांत बेंगळुरूचा हात मोठा आहे. रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1995 साली ही आकडेमोड बरीच पुढे नेली. कृष्णविवरं एकमेकांत मिसळण्याच्या क्षणाचे नमुने बांधणाऱ्यांत पी. अजित हे ठळक नाव. ते आता शहराबाहेर हेसरघट्ट्याकडे असलेल्या आयसीटीएस या संशोधन संस्थेत आहेत.

ही सूत्रं निबंधांत राहिली असती तर ती वापरायला प्रत्येकाला पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागली असती. ती राहतात लॅलस्वीट नावाच्या खुल्या सॉफ्टवेअर-संग्रहात, आणि तो लिहिलाय सी भाषेत. कारण उघड आहे, वेग. लायगोच्या पहिल्या मोहिमेत नोंदी ताडायला सुमारे अडीच लाख नमुने होते. पण आजचे संशोधक, आणि आपली ही मुलगी, लिहिणार पायथॉनमध्ये. दोन्ही भाषांमध्ये दुभाष्या लागतो. त्याला म्हणायचं बाइंडिंग. पायथॉनमधला आकडा सीला समजेल अशा रूपात आत द्यायचा, आलेलं उत्तर उलट फिरवून बाहेर काढायचं आणि मधली स्मृती कोणी मोकळी करायची त्याचा हिशेब ठेवायचा, एवढंच त्याचं काम. लॅलस्वीटमध्ये हे दुभाषे हाताने लिहीत नाहीत. डेव्हिड बीझली यांचं 1996 सालचं स्विग हे साधन सीमधली फलनांची यादी वाचतं आणि जोडणीचा कोड स्वतःच रचतं.

खरी रखडपट्टी यानंतरची. पूर्वी असा संग्रह हवा तर मूळ कोड आणायचा आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा, म्हणजे यंत्रभाषेत उतरवायचा. त्याआधी जीएसएल आणि एफएफटीडब्ल्यू या गणिती लायब्ररी हव्यात, स्विग हवं, आणि सगळं योग्य आवृत्तीचं. एक गोष्ट कमी पडली की पडदाभर चुका आणि दुपार गेलीच म्हणून समजा. भौतिकशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थी आधी कंपायलरशी झुंजायला शिकायचा.

यावरचा उतारा म्हणजे व्हील, आधीच कंपाइल करून बांधलेली पेटी. हा आराखडा 2012 साली मांडला गेला. नावात चाक असलं तरी ते गाडीचं नव्हे. पायथॉनच्या सार्वजनिक भांडाराचं लाडकं नाव चीझ शॉप, आणि चीझची मोठी गोल चकती म्हणजे व्हील.

विंडोजवर आणि मॅकवर हे जमलं, लिनक्सवर अडलं. लिनक्सच्या शेकडो जाती, आणि प्रत्येकीच्या बुडाशी असलेली जीलिबसी ही लायब्ररी वेगवेगळ्या वयाची. नव्या जीलिबसीवर बांधलेली पेटी जुन्या यंत्रावर चालत नाही, जुनीवर बांधलेली नव्यावर चालते. म्हणून 2016 साली मेनीलिनक्स हा संकेत ठरला आणि त्यासाठी निवडली 2007 सालची सेंटओएस 5 ही प्रणाली. आजचा कोड बांधायचा तो जुनाट यंत्रावर! मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत आवडती गोष्ट हीच. वाटेतला सर्वांत ठेंगणा रेल्वेपूल बघून ट्रकची उंची ठरवावी, तसं. पुढे सेंटओएस 7 आली. तिचीही मुदत 30 जून 2024 रोजी संपली, तेव्हा पूल थोडा उंचावला. शिवाय ऑडिटव्हील हे साधन पेटीसोबत शिदोरीही बांधून देतं. जीएसएल, एफएफटीडब्ल्यू वगैरे पेटीतच, यजमानाकडे काही मागायला नको.

मग पेट्या मोजा. दर ऑक्टोबरला पायथॉनची नवी आवृत्ती. चार-पाच आवृत्त्या एकाच वेळी चालू. गुणिले लिनक्स आणि मॅक. गुणिले इंटेल आणि आर्म प्रोसेसर. हे माणसाने हाताने करायचं काम नाही. कोडमध्ये बदल झाला की क्लाउडमधली यंत्रं आपापली पेटी बांधतात आणि तपासून बघतात. तरीही झोप उडतेच. 2023च्या ऑक्टोबरमध्ये पायथॉन 3.12 मधून डिस्टयुटिल्स हे जुनं बांधणी-साधन काढून टाकलं गेलं. 2024च्या जूनमध्ये नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती 2 आली आणि त्यावर विसंबलेल्या सी-जोडण्यांना नव्याने कंपाइल व्हावं लागलं.

भांडारात पेटी टाकण्याची रीतही बदलते आहे. जुनी रीत म्हणजे कुणातरी एकाच्या लॅपटॉपवर पासवर्ड. तो चोरीला गेला की चोराची पेटी तुमच्या नावाने जगभर. एप्रिल 2023 पासून भांडार बांधणी-यंत्राची ओळख पटवून पंधरा मिनिटं चालणारी किल्ली देऊ शकतं. कायमचा पासवर्ड ठेवायचाच नाही, तर चोरणार काय?

या कामाचे निबंध क्वचितच होतात. नव्या सूत्राला संदर्भ मिळतात, ते सूत्र कंपायलरशिवाय चालावं म्हणून तीन रात्री बसलेल्याला मिळतात तक्रारी. हे मला अन्यायाचं वाटतं.

औंढ्याची मुलगी आज एका ओळीच्या आज्ञेने लॅलस्वीट बसवू शकते. तिच्या पडद्यावर बेंगळुरूचं गणित, पुण्याची पद्धत आणि 1.3 अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेली लहर एकत्र दिसते. अट एकच, लॅपटॉपवर लिनक्स किंवा मॅक हवा. विंडोजसाठीची पेटी बांधली जात नाही. तिला विंडोजच्या आत आधी लिनक्स बसवावं लागेल, आणि दुपार गेलीच म्हणून समजा.