कार्ट्रिज ओरिजिनल की भरलेलं?

प्रिंट फिकी यायला लागते. कार्ट्रिज बाहेर काढून दोनदा आडवं हलवून बघितलं, शंभरेक पानं निघाली, आणि परत मधला पट्टा पांढरा. शेवटी दुकान गाठावंच लागतं. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "मॅडम, ओरिजिनल देऊ, कंपॅटिबल देऊ, का हेच भरून देऊ?" तिघांच्या किमती ऐकल्या की हात आपोआप सगळ्यात स्वस्ताकडे वळतो.

घरात महिन्याला दहा पानं निघत असतील तर एवढा विचार करायचं कारण नाही. पण आता तालुक्याच्या गावात कितीतरी जणी पुढच्या खोलीत टेबल टाकून ऑनलाइन फॉर्म, सातबारा, हॉलतिकीट, झेरॉक्स अशी कामं करतात. पानामागे सुटणाऱ्या रुपया-दोन रुपयांवर मुलीच्या क्लासची फी भरली जाते. तिथे कार्ट्रिज चुकलं तर महिन्याचं गणितच चुकतं, म्हणून हे नीट समजून घेऊ या.

आधी शब्द. ओरिजिनल म्हणजे प्रिंटरच्या कंपनीचं. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या कारखान्यानं त्याच मापाचं नवीन बनवलेलं. रिफिल म्हणजे तुमच्याच रिकाम्या कार्ट्रिजमध्ये पावडर किंवा शाई ओतलेली. आणि रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे वापरलेलं ओरिजिनल पूर्ण उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून परत उभं केलेलं. शेवटच्या दोघांत गल्लत होते, किंवा मुद्दाम केली जाते. गादीचंच बघा ना. गादी उसवून, कापूस पिंजून, नवं कापड घालून शिवणं वेगळं, आणि फाटक्या कोपऱ्यातून मूठभर कापूस कोंबून टाका घालणं वेगळं. दोन्हीला लोक 'गादी भरली' असंच म्हणतात!

लेझर प्रिंटरचं कार्ट्रिज म्हणजे नुसता पावडरचा डबा नसतो. त्यात हिरवट-निळा चकचकीत ड्रम असतो, त्याला पुसणारी पट्टी असते, पावडर उचलणारा चुंबकाचा रोलर असतो आणि उरलीसुरली पावडर साठवायचा एक कप्पा असतो. एचपीच्या १०२० मध्ये बसणारं १२ए किंवा कॅननच्या एलबीपी २९०० मधलं ३०३, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी कार्ट्रिज अशीच आहेत. कंपनी त्यांची २००० पानं धरते. तीसुद्धा पानाचा साधारण पाच टक्केच भाग काळा होतो असं समजून, म्हणजे एका छोट्या पत्राएवढा मजकूर. तुम्ही भरगच्च फॉर्म आणि काळेभोर फोटो काढणार असाल तर ती २००० विसरा. (आधार कार्डाची झेरॉक्स झाकण उघडं ठेवून काढली की भोवती काळी चौकट येते. तेवढ्यात कितीतरी ओळींची पावडर जाते. कार्डावर पांढरा कागद ठेवून झाकण लावा.)

नुसती पावडर ओतून आणली की ड्रम जुनाच, पट्टी जुनीच, आणि वाया गेलेल्या पावडरीचा कप्पाही बऱ्याचदा तसाच भरलेला. एकदा चालतं, दोनदा चालतं. मग पानभर राखाडी छटा येते, उभी बारीक रेघ येते. एकच काळा ठिपका ठरावीक अंतरानं परत परत उमटत असेल तर पट्टी घेऊन मोजा. वर सांगितलेल्या छोट्या मशीनमध्ये ते अंतर ७५ मिलिमीटरच्या आसपास आलं, तर दोष ड्रमचा. दुकानदार "मशीनच खराब झालंय" म्हणाला तर हे मोजलेलं पान त्याच्यासमोर ठेवा.

आता हिशोब. भाव गावागणिक वेगळे, म्हणून आकडे समजुतीपुरते घेते. ओरिजिनल ४००० रुपयांना आणि पानं २००० निघाली, तर पानाला दोन रुपये पडले. चांगलं रिमॅन्युफॅक्चर्ड १००० ला, त्यातून १६०० पानं निघाली आणि शंभर कागद वाया गेले, तर कागदाचे सत्तर रुपये धरूनही पान सदुसष्ट पैशांना. नुसतं रिफिल २५० ला. ९०० पानं निघाली, दोनशे कागद फुकट गेले, तरी पान त्रेचाळीस पैशांनाच पडलं. मग तेच बरं की! पण पावडर गळून मशीनमध्ये सांडली आणि मेकॅनिकला एकदा सहाशे रुपये दिले, की तेच पान एक रुपया दहा पैशांवर जातं. शिवाय हॉलतिकिटावरचा फोटो काळा आला म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. साधा, जुना, काळ्या छपाईचा लेझर प्रिंटर असेल आणि गावात नीट काम करणारा माणूस असेल, तर रिमॅन्युफॅक्चर्ड खुशाल घ्या. घेताना विचारा, ड्रम बदलला का? पट्टी बदलली का? वाया गेलेली पावडर काढली का? आणि दुकानातच एक मजकुराचं आणि एक पूर्ण कोरं पान काढून बघा. कोऱ्या पानावर छटा आली तर तिथेच परत द्या. बिलावर 'रिमॅन्युफॅक्चर्ड' लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एक ताई कार्ट्रिज बदललं की तारीख लिहितात आणि किती रीम संपल्या ते मोजतात. ५०० पानांची एक रीम, म्हणजे चार रीम झाल्या की २००० पानं. दोन कार्ट्रिजनंतर कुठला दुकानदार बरा, ते वहीच सांगते.

शाईच्या छोट्या कार्ट्रिजची गोष्ट निराळी. एचपी आणि कॅननच्या बऱ्याच घरगुती प्रिंटरमध्ये शाई फेकणारं हेड कार्ट्रिजवरच असतं. तिथे शाई क्षणभर तापून तिचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाईच्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाई उडाली, त्यातून ही युक्ती सुचली म्हणतात. शाई संपल्यावरही तुम्ही पानं काढत राहिलात तर हेड कोरडंच तापतं आणि जळतं. मग कितीही चांगली शाई भरा, रेघा तुटकच. भरायचंच असेल तर पूर्ण संपायच्या आत भरा, आणि एकच कार्ट्रिज जन्मभर पुरवू नका. मुलांच्या प्रोजेक्टपुरतीच छपाई असेल तर ओरिजिनलच बरं. एचपीच्या ८०३ या छोट्या काळ्या कार्ट्रिजची पानं कंपनीच साधारण १९० सांगते, म्हणून त्यावर धंदा मात्र करू नका. त्यापेक्षा टाकीवाला प्रिंटर घ्या. एप्सननं ते २०१० मध्ये आधी इंडोनेशियात आणले, कारण तिथले लोक बाहेरून नळ्या लावून बाटल्यांतून शाई पुरवतच होते! त्यांची कंपनीची बाटलीच पानामागे इतकी स्वस्त पडते की बाहेरची शाई शोधण्यात अर्थ नाही.

भरलेल्या शाईचा आणखी एक तोटा पावसाळ्यात कळतो. बोट ओलं करून अक्षरावरून फिरवा. पसरलं, तर रेशन कार्डाच्या अर्जाला आणि दाखल्याला ती शाई नको.

"बाहेरचं वापरलं की वॉरंटी गेली" असं सरसकट सांगतात. एचपीच्या वॉरंटीच्या कागदात तसं नाही. भरलेलं कार्ट्रिज वापरल्यानं वॉरंटी जात नाही, पण बिघाड त्याच्यामुळेच झाला असेल तर दुरुस्तीचे पैसे द्यावे लागतात. मात्र काही नवीन प्रिंटर बाहेरची चिप ओळखून काम थांबवतात. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीचे कितीतरी प्रिंटर असेच अचानक अडले होते, आणि ओरड झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली होती. नवीन प्रिंटर घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. बाकी, वापरलेलं कार्ट्रिज भरून विकणं म्हणजे चोरी नव्हे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला.

चोरी आहे ती वेगळीच. भरलेलं कार्ट्रिज कंपनीच्या खोक्यात घालून ओरिजिनलच्या भावात विकणं. म्हणून ओरिजिनल घेताना सील बघा, पक्कं बिल घ्या, आणि 'ओरिजिनल, पण अर्ध्या भावात' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. रिकामं ओरिजिनल कार्ट्रिज कचऱ्यात टाकू नका, त्याला किंमत आहे. नवीन घेताना ती वजा करून मागा. खोकं मात्र सोबत देऊ नका, घरीच फाडून टाका.