बांधावरचा पंचनामा

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीनंतर नेवासे तालुक्यात सोनईच्या शिवारातून पंचनाम्याचे जे काम चालले, ते जवळून पाहताना मनावर ठसले ते असे, की हानी काळ्या जमिनीत होत असली तरी मदत मात्र दप्तरातील नोंदीच्या मार्गानेच येते. आणि ती नोंद सदोष असेल, तर डोळ्यांदेखत कुजलेल्या पिकाचीही दाद लागत नाही.

मुळा कारखान्याच्या या पट्ट्यात ऊस पाण्यातही काही काळ तग धरतो; कपाशीचे तसे नाही. साचलेल्या पाण्याने मुळे गुदमरतात, पाने लाल पडून गळतात, आणि वरून हिरवीगार दिसणारी कैरी बोटांत दाबून फोडली, की आतील कापूस काळवंडून चिकट झालेला आढळतो. तलाठी (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावाच्या तोंडी जुनेच आहे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येऊन गट क्रमांक विचारतात, मोबाईलवर छायाचित्र टिपतात. शेतकरी त्यांना आग्रहाने सरीतून आत नेतो, कारण बांधाकडची उंचवट्यावरची झाडे बरी दिसतात आणि खरा नाश मधल्या खोलगट भागात झालेला असतो. ही त्याची धडपड सर्वस्वी रास्त आहे. नुकसान 33 टक्क्यांच्या आत ठरले, तर एक रुपयाही मिळत नाही.

दर हेक्टरी ठरलेले : जिरायतीस 8,500, बागायतीस 17,000 आणि बहुवार्षिक पिकांस 22,500 रुपये. दोन हेक्टरांची मर्यादा त्या वर्षी तीनवर नेण्यात आली, आणि रब्बीच्या बियाण्यादी खर्चासाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे जाहीर झाले. आता 60 आर कपाशीचा हिशेब मांडा. जिरायत धरली तर 5,100 रुपये, बागायत धरली तर 10,200. विहीर शेतात डोळ्यांसमोर असली तरी पीक पाहणीत सिंचनाचे साधन नोंदवायचे राहिले, तर तिचा पुरावा कोठून आणावा?

पूर्वी 1884 च्या कायद्यान्वये मिळणारी तगाई हे कर्ज होते, ते फेडावे लागे. आजची मदत परत करायची नसते, हे अंतर थोडे नाही. परंतु ती सातबाऱ्यावरील खातेदाराच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. खाते सामाईक असेल, तर इतर सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि त्यांतला एखादा पुण्याला कामावर, दुसरा भाऊबंदकीने दुरावलेला, तिसरा मयत होऊन वारसनोंद रखडलेली, असा प्रकार घरोघरी आढळतो. त्याहून कठीण स्थिती निम्म्या वाट्याने शेत करणाराची. बियाणे, खत, फवारणी यांत त्याचा पैसा गेला, पण सातबाऱ्यावर त्याचे नावच नाही. मालकाने उदारपणे दिले तर त्याला मिळायचे. ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती कोणा तलाठ्याच्या दुर्लक्षातून आलेली नसून नियमाच्या मुळाशीच आहे.

पंचनाम्यानंतर याद्या तहसिलीत जातात, खातेदारास विशिष्ट क्रमांक मिळतो. शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांची आधार पडताळणीची फेरी या वेळी वाचली. बाकीचे सेवा केंद्रावर अंगठा टेकवण्यासाठी रांगेत उभे राहिले, आणि शेतात तोवर वाफसा होऊन हरभऱ्याच्या पेरणीची वेळ येऊन ठेपलेली होती.