पडद्यावरील अक्षर आणि पेढीचा हिशेब

पेढीवर चोपडीच्या जागी संगणक आला, त्याला आता बराच काळ लोटला. वहीपूजनाच्या दिवशी लाल कापडी बांधणीच्या चोपडीशेजारी संगणकालाही कुंकवाचा टिळा लागतो. मात्र चोपडी घेताना आपले वडीलधारे कागद चोळून पाहत, शाई फुटते की काय ते तपासत. मॉनिटर घेताना तेवढी चिकित्सा होत नाही. किती इंचांचा आणि किती रुपयांचा, एवढ्या दोन प्रश्नांवर सौदा पुरा होतो. अक्षर कसे दिसेल, हा तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

त्याची किंमत व्यवहारात मोजावी लागते. जीएसटी क्रमांक १५ वर्णांचा आणि बँकेचा आयएफएससी ११ वर्णांचा. दोहोंत इंग्रजी अक्षरे आणि अंक मिसळलेले. अक्षर पुसट असेल तर 'बी'चा आठ होतो, 'एस'चा पाच होतो. बिलावर खरेदीदाराचा क्रमांक चुकला की त्याची कराची वजावट अडते आणि संबंधात कटुता येते. एनईएफटीने पाठविलेली रक्कम तर खाते क्रमांकावरूनच जमा होते. एक आकडा चुकीचा वाचला गेला तर ती परत मिळविताना नाकी नऊ येतात. याहून मोठी हानी कोणत्याही खतावणीत दिसत नाही. पडद्यावरचे वाचता येत नाही म्हणून साठी ओलांडलेले वडील हळूहळू हिशेबापासून दूर होतात, आणि घरातील मंडळी समजतात की त्यांना आता संगणक झेपत नाही. वस्तुतः अनेकदा अडचण बुद्धीची नसून अक्षराच्या आकाराची असते.

पडद्यावरील प्रत्येक अक्षर सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. 'फुल एचडी' म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण वीस लाखांहून अधिक. पडदा लहान असो वा मोठा, ही संख्या तीच राहते. म्हणून पडदा जितका मोठा तितका ठिपकाही मोठा. २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात सुमारे १०० ठिपके मावतात, २७ इंचीवर सुमारे ८२. काही दुकानांत ३२ इंची जुना टीव्हीच मॉनिटर म्हणून जोडलेला असतो. त्याचे ठिपके १३६६ गुणिले ७६८ असतील, तर इंचाला जेमतेम ४९ पडतात आणि एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. चित्रपटासाठी दूर बसल्यावर ते चालते. दोन फुटांवरून आकडे वाचताना अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात.

अक्षर लहान दिसले की पुष्कळ जण रिझोल्यूशनच कमी करतात. येथेच घोटाळा होतो. आजच्या सपाट पडद्यावरील ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. १९२०च्या पडद्याला १३६६चे चित्र दाखवावयास सांगितले, तर मूळच्या एका ठिपक्याला सुमारे १.४ ठिपके वाट्याला येतात. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत. म्हणून संगणक शेजारच्या रंगांची सरमिसळ करतो आणि अक्षर मोठे परंतु धूसर होते. जुन्या काचेच्या अवजड मॉनिटरना हे बदल बरेच पचत. त्यामुळे ती सवय अजून टिकून आहे.

योग्य मार्ग निराळा आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले मापच ठेवावे आणि त्याच ठिकाणी असलेले 'स्केल' १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठे होते आणि रेखीवही राहते. हिशेबाचा एखादा जुना प्रोग्रॅम स्केल वाढविल्यावर पुसट दिसू शकतो, कारण विंडोज त्याचे चित्र नुसते ताणते. अशा वेळी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेणे श्रेयस्कर. 'क्लिअरटाइप' ही सोय सुरू आहे ना, तेही पाहावे. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके असतात. त्यांचा स्वतंत्र वापर करून ती अक्षरांच्या कडा गुळगुळीत करते. २००१च्या विंडोज एक्सपीपासून ही सोय उपलब्ध आहे.

देवनागरीला ठिपके इंग्रजीहून अधिक लागतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. तेवढ्याच उंचीत हे सारे बसवायचे म्हणजे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद एकदोन ठिपक्यांवर येतो. म्हणून मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा एकदोन मापांनी मोठा ठेवावा. आपल्या पोथ्यांचे लेखनकार ठसठशीत अक्षर आणि प्रशस्त समास यांसाठी नावाजलेले होते. वाचकाच्या डोळ्यांची त्यांनी राखलेली बूज आपणही राखावी. अनेक घरांत आता ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर वाचल्या जातात. तेथे पान म्हणजे छायाचित्र असते. स्कॅन करतानाच ते बारकाईने केलेले नसेल, तर कितीही मोठे केले तरी अक्षर उमटत नाही. एखाद्या संघाने जुने ग्रंथ स्कॅन करवून घेताना इंचाला किमान ३०० ठिपक्यांचा आग्रह अवश्य धरावा.

चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते. वाचनाचा चष्मा साधारण फूट-सव्वा फुटासाठी दिलेला असतो, तर मॉनिटर हातभर लांब, पावणेदोन-दोन फुटांवर असतो. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जाताना हे अंतर टेपने मोजून न्यावे आणि सांगावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पाठीमागे उघडी खिडकी नसावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात, कारण पडद्याकडे टक लावली की त्या कमी मिटतात.

नवा मॉनिटर घेताना दुकानदाराला चलच्चित्र दाखवू देऊ नये; स्वतःचे एखादे बिल आणि एक मराठी पान उघडून नेहमीच्या अंतरावरून वाचून पाहावे. २७ इंची हवा असेल तर फुल एचडीऐवजी अधिक ठिपक्यांचा घ्यावा. जोडणी शक्यतो जुन्या व्हीजीए तारेऐवजी एचडीएमआयने करावी. आणि निवड करताना, घरात ज्यांची दृष्टी सर्वांत मंद असेल त्यांना सोबत न्यावे. त्यांना सुखाने वाचता आले, तर ते सर्वांनाच वाचता येईल.