सुरतेत विचारलेले प्रश्न

देव आहे का, हा प्रश्न पडला की आपल्याकडची तरुण मुलं थेट पाश्चात्त्य पुस्तकांकडे वळतात. सुरतेजवळच्या चलथाणमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला तर याचं जास्तच वाईट वाटतं, कारण देवाधर्माबद्दलचे असे प्रश्न एका मराठी माणसाने लोकलने गाठता येईल एवढ्या अंतरावर, सुरतेत विचारले होते!

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (जन्म १८१४) सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये गुजराती सुधारक दुर्गाराम मेहता यांच्यासोबत त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांचे हाल यांवर तिथे उघड चर्चा व्हायची. मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना तर सभेने सिद्ध करून दाखवा असं आव्हानच दिलं. त्या काळात!

दादोबा नास्तिक मात्र नव्हते. एकच ईश्वर, सगळ्या माणसांचा एकच धर्म, अशी त्यांची श्रद्धा. पुढे १८४९ च्या सुमारास मुंबईत याच विचारांची परमहंस सभा सुरू झाली, ती मात्र गुप्त. जातीतून बहिष्काराची भीती खरीच होती. १८६० मध्ये सभासदांची नावं फुटली आणि सभा विस्कटली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग पुढे होते.

ईश्वराबद्दल अज्ञेयवादी राहून फक्त विवेकाला मानणारे समाजसुधारक आगरकर दादोबांच्या नंतरचे. त्यांचं ‘सुधारक’ हे वृत्तपत्र १८८८ चं. पाश्चात्त्यांपैकी विश्व म्हणजेच ईश्वर म्हणणारा तत्त्वज्ञ स्पिनोझा मलाही आवडतो; त्याला ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पण सुरुवात दादोबांपासून करा. त्यांचं आत्मचरित्र मराठीतच आहे.