नळ दिसणारी शाळा

हन्स्टंटनच्या शाळेला मनोरा आहे, आणि तो पाण्याच्या टाकीचा आहे. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांची ही चौकोनी टाकी पोलादाच्याच उंच, उघड्या चौकटीवर, मुख्य इमारतीपासून अलग उभी आहे. एरवी अशी टाकी गच्चीच्या कोपऱ्यात कठड्याआड दडवतात, कारण ती कुणाला दिसू नये असंच सगळ्यांना वाटत असतं. इथे दोन तरुण वास्तुकारांनी ठरवलं की पाणी जिथून येतं ती जागा मुलांना रोज दिसलीच पाहिजे.

हन्स्टंटन हे इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगण्यातलं लहान समुद्रकाठचं गाव. किनारा पूर्वेकडचा असूनही गावाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे इथे सूर्य समुद्रात मावळतो. गावाचे कडे प्रसिद्ध आहेत: तळाला तपकिरी दगड, त्यावर तांबडा खडू, त्यावर पांढरा. १८६२ मध्ये रेल्वे आली आणि हवापालटाला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. १९६९ मध्ये तो मार्ग बंदही झाला. विसाव्या शतकातल्या वास्तुकलेच्या इतिहासात या गावाचं नाव नोंदवलं गेलं ते मात्र शाळेमुळे. आज तिचं नाव स्मिथडन हायस्कूल. अकरा ते सोळा वयाची मुलंमुली तिथे एकत्र शिकतात.

ही शाळा कोणासाठी बांधली हे आधी सांगायला हवं, कारण माझ्या मते तिचं महत्त्व तिथेच आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं. पण अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांची वाटणी होऊ लागली. वर आलेली थोडी मुलं ग्रामर स्कूलला जात आणि तिथून विद्यापीठाच्या वाटेला लागत. उरलेली बहुसंख्य मुलं सेकंडरी मॉडर्न नावाच्या शाळेत जात आणि बरीचशी पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत. आपल्याकडे दहावीच्या निकालाची धास्ती असते. ती धास्ती अकराव्या वर्षावर आणून ठेवली, तर त्या काळच्या इंग्रज घरांतला ताण कळेल. हन्स्टंटनची शाळा या ‘उरलेल्या’ मुलांची होती. त्यांच्यासाठी खुली स्पर्धा घेऊन देशातला उत्तम आराखडा मागवावा असं नॉरफोकच्या शिक्षणखात्याला वाटलं, ही गोष्ट मला त्या इमारतीइतकीच मोठी वाटते.

१९५० मध्ये ती स्पर्धा जिंकली ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या जोडप्याने. वर्षभरापूर्वीच त्यांचं लग्न झालं होतं, दोघंही विशीत होते, आणि लंडनच्या नगर प्रशासनात शाळांचे आराखडे काढणाऱ्या विभागात नोकरी करत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर शिकागोतल्या मीस व्हान डेर रोहेच्या पोलाद-काचेच्या इमारती होत्या. पण मीसच्या इमारतींतली झुळझुळीत सफाई त्यांना नको होती. त्यांना वस्तू जशी असते तशीच हवी होती. वीट विटेसारखी दिसावी, तिला गिलावा नको. छताकडे पाहिलं तर काँक्रीटच्या ओतीव फरश्यांचा तळ दिसावा, खाली खोटं छत नको. तुळई जिथे खांबाला भेटते तो सांधाही उघडा असावा.

नकाशा समजायला मराठी वाचकाला अडचण येऊ नये, कारण हा आपला दोन चौकी वाडाच आहे. लांबट, दुमजली, काटेकोर सममित इमारत. मधोमध दोन मजल्यांइतकं उंच सभागृह, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक हिरवळीचा चौक. सभागृहाच्या भिंती काचेच्या असल्याने आत बसलेल्याची नजर दोन्ही चौकांपर्यंत पोचते. सकाळची प्रार्थनासभा आणि दुपारचं जेवण एकाच जागी व्हावं, अशी योजना होती. वर्ग वरच्या मजल्यावर. तिथे मला सगळ्यात हुशार वाटतो तो निर्णय म्हणजे लांबलचक व्हरांडा टाळण्याचा. खालून बरेच लहान जिने वर जातात आणि प्रत्येक जिना मोजक्या वर्गांपुरताच असतो. तास संपला की शेकडो मुलांचा लोंढा एका बोळातून धावत नाही, आणि शेजारच्या वर्गाच्या दारावरून कुणी जात नाही. व्यायामशाळा, स्वयंपाकघर आणि कार्यशाळा यांसारखी आवाजाची कामं मुख्य इमारतीबाहेर काढली आहेत.

आणि मग ते बेसिन. शाळेच्या छायाचित्रांपैकी खूप गाजलं ते हात धुण्याच्या पांढऱ्या बेसिनांच्या रांगेचं. त्यांचे नळ, वाकडे पाइप, सांडपाणी वाहून नेणारी जमिनीतली उघडी पन्हळ, सगळं समोर. विजेच्या ताराही भिंतीत गाडलेल्या नाहीत, त्या नळीतून डोळ्यांदेखत दिव्यापर्यंत जातात. अकरा वर्षांच्या मुलाला इथे कुणी न शिकवता कळतं की पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि छप्पर कशावर टेकलं आहे. हातांनी काम करून पोट भरणार असं ज्यांच्याबद्दल गृहीत धरलं होतं, त्या मुलांना इमारतीने आपली सगळी रचना खुली केली. मला यात त्या मुलांविषयीचा आदर दिसतो.

पोलादाच्या चौकटीची कथा वेगळीच आहे. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती आणि तिच्यापायी या शाळेचं काम रखडलं. ते पूर्ण झालं १९५४ मध्ये. चौकटीचं गणित केलं ओव्ह अरूप यांच्या संस्थेतल्या रोनाल्ड जेंकिन्स या अभियंत्याने, आणि त्यासाठी केंब्रिजच्या जॉन बेकर यांचा सिद्धान्त वापरला. जुन्या पद्धतीत चौकटीचा एकही भाग ठरावीक ताणापलीकडे जाऊ नये अशा बेताने सगळंच जाड ठेवत. बेकर यांचं म्हणणं होतं की पोलाद एकदम तुटत नाही, आधी वाकतं. एक सांधा वाकू लागला की भार दुसऱ्या सांध्यांवर सरकतो, आणि हे हिशेबात धरलं तर कमी पोलादात चौकट तितकीच भक्कम होते. याच बेकर यांनी याच विचारातून १९४१ मध्ये घरात जेवणाच्या टेबलासारखा वापरता येणारा मॉरिसन निवारा तयार केला होता. बॉम्बने घर कोसळलं तरी त्या पोलादी टेबलाखाली झोपलेली माणसं वाचत. ज्या विचाराने युद्धात मुलं वाचली, त्याच विचारावर दहा-बारा वर्षांनी शाळा उभी राहिली.

इमारत पूर्ण झाली आणि वाद पेटला. समीक्षक रेनर बॅनम यांनी १९५५ मध्ये ‘न्यू ब्रूटलिझम’वर, म्हणजे साहित्य आणि रचना जशी आहे तशी उघडी ठेवणाऱ्या वास्तुविचारावर, लिहिलेल्या लेखात या शाळेला मध्यवर्ती स्थान दिलं. त्या विचाराचे पडसाद पुढे जगभर उमटले. उघड्या विटा आणि उघडं काँक्रीट यांचा भारतातला मोठा आविष्कार म्हणजे कानपूरच्या आयआयटीच्या इमारती, आणि त्यांचे वास्तुकार अच्युत कानविंदे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. विरोधकांचं म्हणणं मात्र थेट होतं: ही इमारत वास्तुकारांसाठी आहे, मुलांसाठी नाही.

हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. काचेच्या पट्ट्या वरच्या टोकापासून खालपर्यंत सरळ पोलादी चौकटीत बसवलेल्या होत्या. ऊन-थंडीने पोलाद प्रसरण-आकुंचन पावलं की काचेला हलायला जागा उरत नसे आणि ती तडकत असे. उन्हाळ्यात वर्ग तापत आणि हिवाळ्यात गारठत. आवाज एका खोलीतून दुसरीकडे जाई. पुढे काही ठिकाणी काचेच्या जागी काळे अपारदर्शक तक्ते बसवावे लागले, आणि दर्शनी भागाचा हलकेपणा तेवढा कमी झाला. प्रामाणिक साहित्य वापरलं म्हणजे वास्तुकाराचं काम संपत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला जूनमधल्या दुपारी गणित सोडवताना घामाने पेन निसटू नये, ही गरजही तितकीच खरी आहे, आणि स्मिथसन दांपत्याने तिला पुरेसं वजन दिलं नाही. तरी या इमारतीतले दोष कुठे आहेत हे चटकन सापडतं, कारण इथे काहीच झाकलेलं नाही. तडा कुठे गेला आणि गंज कुठे चढला ते लांबूनही दिसतं.

१९६५ मध्ये सरकारने परिपत्रक काढून शिक्षणखात्यांना अकराव्या वर्षीची वाटणी मोडायला सांगितलं. पुढे हन्स्टंटनची शाळाही सर्वांची झाली आणि ‘हंड्रेड’ म्हणवल्या जाणाऱ्या तिथल्या जुन्या विभागाच्या नावावरून तिला स्मिथडन हे नाव मिळालं. १९९३ मध्ये इमारतीला ग्रेड टू स्टार हा संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. ॲलिसन यांचं निधन त्याच वर्षी झालं, पीटर यांचं २००३ मध्ये. त्यांची लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स ही वसाहत पाडायला जगभरातून विरोध झाला, पण ती वाचली नाही; पाडण्याचं काम २०१७ मध्ये सुरू झालं. त्यांची ही पहिली मोठी इमारत उभी आहे, आणि ज्या कामासाठी ती बांधली तेच काम करते आहे.

वारशाच्या दर्जाने जपणूक आली आणि बंधनंही आली. काचेची पट्टी बदलायची किंवा चौकटीत उष्णतारोधक थर घालायचा, तर मूळ रचनेला धक्का लागत नाही ना, हे आधी सिद्ध करावं लागतं आणि परवानगी घ्यावी लागते. साध्या शाळेला असा खर्च पेलणं कठीण असतं. माझं मत विचाराल तर वारसा जपणाऱ्यांनी इथे मुलांच्या बाजूला थोडं जास्त झुकावं. दुहेरी काच बसवून वर्ग उबदार होत असेल आणि चौकट तशीच दिसत असेल, तर ती बसवावी. पण बेसिनांखालची उघडी पन्हळ आणि बाहेरची ती टाकी यांना मात्र कुणी झाकण घालू नये.