एक वस्तु, अनेक नांवें

खानदेश हा अनेक बोलींच्या सीमेवर वसलेला मुलूख आहे. पश्चिमेस गुजराती, उत्तरेस निमाडी, पूर्वेस वऱ्हाडी, दक्षिणेस देशावरची मराठी, आणि मध्यें आपली अहिराणी व लेवा बोली. त्यामुळें साक्री, शिरपूर, यावल, रावेर अशा निरनिराळ्या भागांतील मुलें शाळेंत एका बांकावर बसलीं, कीं नित्याच्या वस्तूंचीं नांवें एकाचीं एक, तर दुसऱ्याचीं दुसरीं निघतात. एखाद्याच्या तोंडून घरचा शब्द सहज निघून जातो, वर्गांत हंशा पिकतो, आणि तो मुलगा तो शब्द पुन्हां उच्चारीत नाहीं. हा खरोखर हंसण्याचा विषय आहे काय, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम स्वयंपाकघराकडे वळूं. धान्य दळण्याच्या दगडी साधनास पुस्तकांत ‘जातें’ म्हणतात. जळगांवजवळील असोदें गांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेंत त्याचेंच नांव ‘घरोट’ असें आहे. तापीच्या कांठानें गुजरातेंत उतरावें, तों त्यास ‘घंटी’ म्हणतात, आणि आपल्या डोळ्यांपुढें मात्र देवळांतील घंटा उभी राहते. हिंदी मुलखांत त्याचीच ‘चक्की’ होते. ‘सांबार’ या शब्दाची तऱ्हा याच्या उलट आहे. विदर्भांतील गृहिणी बाजारांतून ‘सांबार’ आणावयास सांगते तेव्हां तिला कोथिंबीर हवी असते. दक्षिणेंत तोच शब्द आमटीसारख्या पदार्थास लावितात. यांत चुकलें कोण? कोणीच नाहीं. जात्यास कांहींही म्हणा, पीठ तेंच पडतें.

नांवें अशीं भिन्न कां होतात, हें समजण्यास आपल्या भरिताच्या वांग्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं. जळगांवच्या या वांग्यास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु वांग्याच्या नांवाचा प्रवास फार जुना आहे. संस्कृतांत त्यास ‘वातिंगण’ असें एक नांव होतें. इराणांत त्याचें ‘बादिंगान’ झालें, अरबांनीं ‘बादिंजान’ केलें, आणि अरबांबरोबर तें स्पेन व पोर्तुगाल या देशांत पोंचलें. पोर्तुगीज लोक त्यास ‘बेरिंजेला’ म्हणूं लागले. पुढें तेच लोक व्यापारासाठीं हिंदुस्थानांत आले, तेव्हां तें नांवही जहाजांतून परत आलें, व येथल्या इंग्रजांनीं त्यावरून ‘ब्रिंजल’ हा शब्द घेतला. म्हणजे ज्या ‘ब्रिंजल’पुढें कित्येकांस आपलें ‘वांगें’ गांवढळ वाटतें, तो शब्द इकडूनच निघून, समुद्र ओलांडून घरीं आलेला पाहुणा आहे! गंमत अशी, कीं खुद्द इंग्लंडांत त्यास ‘ओबर्जिन’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचांकडून आला, तरी मूळ तेंच अरबी. अमेरिकेंत मात्र ‘एगप्लँट’, म्हणजे अंड्याचें झाड, असें नांव पडलें. कारण युरोपांत पूर्वीं परिचित झालेल्या कांहीं जातींचीं फळें पांढरीं व अंड्याच्या आकाराचीं होतीं. भाषा दोघांचीही इंग्रजीच, पण भाजीचें नांव एक नाहीं.

यावरून एक नियम हातीं लागतो. नवी वस्तु दारीं आली, कीं लोक दोहोंपैकीं एक गोष्ट करितात: आणणाऱ्याच्या तोंडचें नांव घेतात, किंवा ओळखीच्या वस्तूवरून नवें नांव बनवितात. बटाटा, चावी आणि गवंड्याचें घमेलें हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले, तर सुताराचा रंधा फारसींतून आला. फ्रेंचांनीं मात्र बटाट्यास ‘जमिनीचें सफरचंद’ म्हटलें. आपल्या शेतकऱ्यांचा आधार जो कापूस, त्याचें नांव संस्कृत ‘कर्पास’ शब्दापासून आलें. इंग्रजांचा ‘कॉटन’ अरबी ‘कुत्न’ शब्दापासून निघाला. आणि ज्यांस लोकर आधीं ठाऊक होती, त्या जर्मन लोकांनीं कापसास ‘झाडाची लोकर’ असें नांव दिलें. हा व्यवहार एकतर्फीही नाहीं. आपल्या इकडची ‘खाट’ इंग्रजींत ‘कॉट’ झाली आणि ‘मुंगूस’ ‘माँगूज’ होऊन बसलें.

तात्पर्य, घरगुती शब्द म्हणजे अज्ञानाची खूण नव्हे; ती वस्तु कोठून व कोणाबरोबर आली, याची ती साक्ष आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं जुन्या कागदपत्रांइतकीच शब्दांचीही चिकित्सा केली. त्यांचें देहावसान सन १९२६ मध्यें धुळें येथें झालें, व त्यांचा मराठी धातुकोश सन १९३७ मध्यें तेथूनच प्रसिद्ध झाला. सन २०११ च्या जनगणनेंत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून १८ लाखांहून अधिक लोकांनीं नोंदविली आहे. तरीही पिठाची गिरणी आली, जातें अडगळींत गेलें, आणि ‘घरोट’ म्हटलें असतां कित्येक मुलांस अर्थ कळेनासा झाला.

विद्यार्थ्यांनीं पुस्तकी मराठी उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी. त्यांवांचून पुढें निर्वाह नाहीं. परंतु त्यासाठीं घरचा शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. एका वस्तूचीं दोन नांवें ज्यास ठाऊक, तो अधिक श्रीमंत. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलानें बोलींतला शब्द वापरला म्हणून त्यास रागें भरूं नये. ज्या मुलास आजीच्या शब्दाची लाज वाटूं लागते, त्यास पुढें आजीचीही लाज वाटण्याचें भय असतें. येत्या सुटींत प्रत्येकानें एक लहानशी वही करावी. चुलीपाशीं, वावरांत, सुताराच्या कामठ्यावर जे शब्द ऐकूं येतील ते, वस्तु व गांव यांसह, तींत टिपून ठेवावे. वही भरेल तेव्हां आपलें घर किती दूरदूरच्या देशांशीं जोडलेलें आहे, हें ज्याचें त्यास दिसून येईल.